खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन टिकतं किती? मागची गोष्ट

आमच्या परळच्या मावशीचं खांद्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "टिकेल ना हो?" सहा महिने हात डोक्याच्या वर जात नव्हता, लोकलमधली कडी धरणं बंद, ब्लाउजचे हुक लेकीकडून लावून घ्यायचे, घरात सगळे फ्रोजन शोल्डर म्हणून तेल चोळत बसले आणि एमआरआयमध्ये निघाला फाटलेला रोटेटर कफ.

हा कफ म्हणजे खांद्याच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवणारे चार टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, त्यातला वरचा बहुतेक वेळा हाडावरून सुटतो. लंडनच्या जे. जी. स्मिथने १८३४ मध्येच मृतदेहांत ही फाट बघून लिहून ठेवली होती, पण ती शिवली बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनने, १९०९ मध्ये. आणि गंमत बघा, मावशीचा प्रश्न याच माणसाचा. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, वर्षभराने बोलवून हात वर जातो का बघायचं, नसेल जात तर चूक कोणाची तेही लिहायचं, असा त्याचा हट्ट. मोठ्या डॉक्टरांना ते झोंबलं. १९१४ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल सोडलं, पुढच्या वर्षी भर सभेत वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी घालणाऱ्या शहामृगाचं व्यंगचित्र दाखवलं आणि उरलीसुरली मैत्रीही घालवली.

दुर्बीण आली ती गुडघ्यातून. टोकियोच्या केंजी ताकागींनी १९१८ मध्ये लघवीच्या पिशवीत बघायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घातली. खांद्याला फार उशीर लागला, १९८० च्या दशकात हार्वर्ड एलमन नावाच्या सर्जनने दुर्बिणीतून वरचं हाड घासायला सुरुवात केली, आणि दोरा ओवलेले अँकर, म्हणजे बारीक खुंट्या, हाडात रोवून टेंडन आतल्या आत शिवणं त्यानंतर रुळलं. फायदा हा की वरचा डेल्टॉइड स्नायू सोडवायला लागत नाही.

मग कॉडमनचा हिशोब परत उघडला. २००४ मध्ये अमेरिकेत दुर्बिणीतून शिवलेल्या मोठ्या फाटीच्या १८ खांद्यांची सोनोग्राफी केली तर १७ परत फाटलेले! तरी वर्षभराने पेशंट खूश होते, दुखणं कमी, हात वर. पुढे त्यातलं थोडं घसरलं. मावशीचंही तसंच, सहा आठवडे स्लिंग लावून खुर्चीत बसून झोपली, आता हुक स्वतः लावते आणि परत सोनोग्राफी म्हटलं की म्हणते, दुखत नाही ना, मग कशाला उकरायचं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या ६५ पेशंटमध्ये ७१ टक्के टेंडन पूर्ण जुळले, पण पासष्टीपुढे फक्त ४३ टक्के, म्हणजे शिवणारा कितीही हुशार असो, कापडच विरलेलं असेल तर काय करणार. ब्रिटनमध्ये उघडं ऑपरेशन आणि दुर्बिणीचं यांची तुलना झाली, दोन वर्षांनी पेशंटच्या दुखण्यात आणि वापरात खास फरक दिसला नाही. दुर्बिणीच्या जाहिरातींत हे सहसा कोणी सांगत नाही.

नॉर्वेत १०३ पेशंट घेऊन काहींना टाके, काहींना नुसती फिजिओथेरपी दिली. पाच वर्षांनी फरक थोडाच होता, पण दहा वर्षांनी तो वाढला आणि खांद्याचं दुखणं, हालचाल आणि ताकद मोजणाऱ्या १०० गुणांच्या पट्टीवर टाकेवाले जवळपास साडेनऊ गुणांनी पुढे होते. फक्त ते टाके दुर्बिणीतून नव्हते, उघडं किंवा छोटा छेद घेऊन घातलेले, आणि फाटी तीन सेंटिमीटरच्या आतल्या.