सेल्टा आणि '१२० तासांचं टेफल' : आकडा सारखा, कोर्स वेगळे

"मी १२० तासांचं टेफल केलंय, सेल्टापण १२० तासांचाच असतो ना, मग परत पैसे कशाला घालू?" इंग्रजी शिकवायला शिकू पाहणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता एकदाचं सगळं नीट लिहूनच टाकते. त्याहून वाईट म्हणजे याला उत्तर देणारेही बिनधास्त सांगतात की काही फरक नाही, सर्टिफिकेट ते सर्टिफिकेट. अहो, फरक आहे, आणि चांगला मोठा आहे.

नावांचा घोळ आधी झटकन संपवूया. टेफल, टेसॉल, टेसल, ईएलटी ही सगळी या क्षेत्राची, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याच्या कामाची नावं, त्यांच्यातल्या बारीकसारीक फरकांवर नोकरी देणारे फारसा वेळ घालवत नाहीत, तुम्हीही घालवू नका. सेल्टा मात्र एक ठरावीक कोर्स आहे, केंब्रिजचा, अभ्यासक्रम आणि परीक्षणाची पद्धत जगभर एकच. त्याच तोडीचा दुसरा म्हणजे ट्रिनिटीचा सर्टटेसॉल, तो किमान १३० तासांचा असतो, आणि पुढे सेल्टाबद्दल जे म्हणतेय ते बहुतेक सगळं त्यालाही लागू होतं. 'टेफल सर्टिफिकेट' या नावावर मात्र कोणाचीच मालकी नाही, उद्या कोणीही वेबसाइट काढून ते विकायला लागू शकतं, त्यात काही उत्तम कोर्सपण आहेत आणि नुसत्या पीडीएफपण आहेत. 'इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड' असा सोनेरी शिक्का दिसला की हुरळून जाऊ नका, तो शिक्का कोणी दिला आणि त्या देणाऱ्याला कोण तपासतं ते आधी शोधा.

आता तो १२० चा आकडा. सेल्टातले १२० तास म्हणजे ट्यूटरसोबतचे तास, ज्यात इनपुट सेशन (म्हणजे ट्यूटर शिकवण्याच्या पद्धती शिकवतो ते वर्ग), शिकवण्याचा सराव, त्यावरचा फीडबॅक, ट्यूटरच्या मदतीने केलेलं लेसन प्लॅनिंग आणि अनुभवी शिक्षकांचे सहा तासांचे वर्ग बघणं हे सगळं आलं. वाचन, चार लेखी असाइनमेंट आणि घरी बसून करायची तयारी वेगळी, तिच्यासाठी किमान ८० तास अजून धरायला सांगतात. ऑनलाइन टेफलचे १२० तास हा अंदाज असतो, म्हणजे हे सगळे मॉड्यूल वाचायला आणि क्विझ सोडवायला साधारण एवढा वेळ लागावा असं कंपनीने ठरवलेलं, तुम्ही ते आठवड्यात उरकलंत तरी सर्टिफिकेटवर १२० च छापून येतं. बरेच जण इथेच फसतात.

पण समजा तुम्ही प्रामाणिकपणे पूर्ण १२० तास बसलात, तरी खरा फरक राहतोच, आणि तो आहे सहा तासांचा. सेल्टात तुम्हाला सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, किमान दोन वेगवेगळ्या लेव्हलच्या वर्गांना, आणि त्यातल्या प्रत्येक लेसनला ट्यूटर बसून बघतो, लिहितो, आणि लेसन ठरलेल्या दर्जाला उतरला की नाही ते सांगतो. तुमच्या गटातले बाकीचे ट्रेनीपण मागे बसलेले असतात. शिवाय बाहेरून असेसर, म्हणजे परीक्षक, येऊन सेंटरचं काम आणि ग्रेड तपासून जातो. यूकेतल्या इंग्रजी शाळांना ब्रिटिश कौन्सिल मान्यता देते तेव्हा शिक्षकांच्या सर्टिफिकेटमध्येसुद्धा हेच बघतात, किमान १०० तास इनपुट, किमान सहा तास देखरेखीखाली शिकवणं आणि बाहेरच्या मान्य संस्थेची तपासणी. म्हणजे तासांचा आकडा एकटा कधीच पुरत नाही, ते सहा तास लागतातच.

या सहा तासांत असं काय होतं म्हणाल तर एक लेसन बघा. विषय प्रेझेंट परफेक्ट. ट्रेनीने फळ्यावर सुंदर टाइमलाइन काढली, दहा मिनिटं समजावलं, शेवटी विचारलं, "अंडरस्टँड?" सगळ्यांनी मान डोलावली. आता बघणाऱ्याला कळतं की ही मान डोलावणं कशाचाच पुरावा नाही. त्याऐवजी फळ्यावर दोन वाक्यं लिहा, 'शी लिव्ह्ड हिअर फॉर टेन यर्स' आणि 'शी हॅज लिव्ह्ड हिअर फॉर टेन यर्स', आणि दोन्हींबद्दल एकच विचारा, "इज शी हिअर नाऊ?" (पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला हो.) अर्धा वर्ग चुकीचं उत्तर देतो, मघाशी मान डोलावणाऱ्यांतलेच. अजून पंचवीस मिनिटं उरलीयेत, पुढची अ‍ॅक्टिव्हिटी याच मुद्द्यावर उभी आहे आणि तुमच्या प्लॅनमध्ये ही वेळच नाही, आता काय कराल? तेच परत मोठ्या आवाजात सांगाल, सोपं उदाहरण शोधाल, की अ‍ॅक्टिव्हिटी सोडून द्याल? हा निर्णय वर्गासमोर उभं राहून काही सेकंदांत घ्यायचा असतो, आणि नंतर फीडबॅकमध्ये ट्यूटर नेमकं तिथेच बोट ठेवतो. सोबत बाकीच्या गोष्टीही निघतात, की वर्कशीट आधी वाटलीत आणि सूचना नंतर दिल्यात म्हणून कोणी ऐकलंच नाही, की लेसनचा निम्म्याहून जास्त वेळ तुम्हीच बोलत होतात, की कोपऱ्यातल्या बाईंनी तोंडच उघडलं नाही आणि तुम्हाला ते दिसलंच नाही.

ऑनलाइन टेफलच्या क्विझमध्येही कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन, म्हणजे खरंच कळलं का ते तपासणारे असे प्रश्न, असतात बरं का, चार पर्यायांतून बरोबर प्रश्न निवडा म्हणून. तो निवडता येणं चांगलंच आहे, पण वर्गात तो सुचणं, तोही बारा जण तुमच्याकडे बघत असताना, ही वेगळी गोष्ट आहे.

इथे एक फसवा प्रकार नक्की ओळखून ठेवा. काही टेफल कोर्स 'प्रॅक्टिकलसकट' म्हणून विकले जातात, शनिवार-रविवारचा वर्ग वगैरे. तिथे बऱ्याचदा तुम्ही शिकवता ते आपापसांत, म्हणजे दुसरे ट्रेनी विद्यार्थी झाल्याचं सोंग करतात. त्यांना इंग्रजी उत्तम येतं, ते मुद्दाम एखादी चूक करतात, तुम्ही सुधारता, सगळे टाळ्या वाजवतात. आत्मविश्वास वाढतो हे मान्य. पण ज्याला खरंच कळलेलं नाही असा एकही माणूस त्या खोलीत नसतो, म्हणून मी तरी त्याला टीचिंग प्रॅक्टिस म्हणणार नाही.

दुसरा गैरसमज असा की सगळा फरक ऑनलाइन आणि ऑफलाइनचा आहे. तसं नाही. सेल्टा आता पूर्ण ऑनलाइनही करता येतो, त्यात शिकवायचं व्हिडिओ कॉलवर असतं पण विद्यार्थी खरे, ट्यूटर बघतोय, सहा तास तेच. उलट एखादा वर्गात बसून केलेला कोर्ससुद्धा खऱ्या विद्यार्थ्यांशिवाय संपू शकतो. फक्त तुम्हाला पुढे प्रत्यक्ष वर्गात शिकवायचं असेल तर जमल्यास प्रत्यक्षच करा असं माझं स्पष्ट मत, कारण बाकांमधून फिरत जोड्यांचं बोलणं ऐकणं स्क्रीनवर शिकता येत नाही.

आणि ते 'लेव्हल ५'. सेल्टा इंग्लंडच्या क्वालिफिकेशन फ्रेमवर्कमध्ये लेव्हल ५ ला बसतो हे खरं, आणि काही ऑनलाइन टेफल कोर्सनाही रीतसर लेव्हल ५ मिळालेली आहे हेही खरं. मग जाहिरातीत येतं, 'सेल्टाच्या बरोबरीचा'. लेव्हल फक्त अभ्यास किती अवघड आहे ते सांगते, तुम्ही कोणाला शिकवलंत की नाही ते सांगत नाही. ही जाहिरात बघितली की माझं डोकं फिरतं, कारण तिच्यातला प्रत्येक शब्द खरा ठरवता येतो आणि वाचणारा तरी चुकीचाच अर्थ घेऊन पैसे भरतो.

मग ऑनलाइन टेफल कोणी करूच नये का? असं अजिबात नाही. हे काम आपल्याला आवडेल का ते चाचपून बघायचं असेल, नुसते संभाषणाचे ऑनलाइन क्लास घ्यायचे असतील, स्वयंसेवक म्हणून जायचं असेल, किंवा शिक्षक म्हणून वर्गाचा अनुभव आधीच गाठीशी आहे आणि फक्त भाषा शिकवण्याची पद्धत समजून घ्यायचीये, तर ते पुरतं, स्वस्तही पडतं. सेल्टा म्हणजे चार-पाच आठवडे फुल टाइम, रात्री उशिरापर्यंत लेसन प्लॅन, आणि त्याआधी टास्क आणि इंटरव्ह्यू पास करून मिळणारा प्रवेश. यातूनच पोट भरायचं ठरवलं असेल तर मात्र मी सरळ सेल्टा किंवा सर्टटेसॉलच सांगते, आधी टेफल मग सेल्टा असा दोनदा खर्च करायला सांगत नाही.

व्हिसाबद्दलही एकदा सांगते. दोन्हीपैकी कुठलाच कोर्स तुमचा पासपोर्ट बदलत नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा साधारणपणे ठरावीक सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांनाच मिळतो, तिथे सेल्टात पास ए, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड, मिळवूनही उपयोग होत नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण पैसे भरायच्या आधी तो माहीत असलेला बरा.

टेफल आधीच करून बसला असाल तर ते वाया गेलं असं समजू नका, त्यातला व्याकरणाचा भाग सेल्टाच्या प्रवेशाच्या टास्कला चांगला कामी येतो. सीव्हीवर मात्र 'सेल्टा इक्विव्हॅलंट' लिहू नका, इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न येईल की किती तास शिकवलंत आणि कोणी बघितलं. त्यापेक्षा सध्या कुठे शिकवत असाल तर एखाद्या अनुभवी शिक्षकाला वर्गात मागे बसायची विनंती करा, आधी लेसन प्लॅन हातात द्या, नंतर लेखी फीडबॅक मागा आणि दोन्ही कागद जपून ठेवा. सेल्टा मागणाऱ्या शाळा त्याला ते सहा तास म्हणून धरणार नाहीत, पण "कोणी बघितलं?" याला तुमच्याकडे खरं उत्तर असेल.