चिल्का सरोवर

ओडिशातील पुरी, खोर्धा व गंजाम जिल्ह्यांत पसरलेले, भारतातील सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे खारकच्छ (वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अलग झालेले उथळ सरोवर). लांबी सु. 65 किमी. उन्हाळ्यात सु. 900 चौ. किमी. असणारे क्षेत्र पावसाळ्यात 1,100 चौ. किमी.च्या वर जाते. खोली मात्र बेताचीच.

पश्चिम व दक्षिण काठांना पूर्व घाटाचे खोंडालाइट व चार्नोकाइट हे रूपांतरित खडक येऊन भिडतात. दक्षिणेकडील खडकाळ बेटे त्याच डोंगरांचा बुडालेला भाग होत. बालुगाव परिसरात अ‍ॅनॉर्थोसाइटाचे मोठे अंतर्वेशन (जुन्या खडकांत घुसून थिजलेला शिलारस) असून त्याच्या वयाविषयी एकवाक्यता नाही. युरेनियम–शिसे पद्धतीच्या एका कालमापनानुसार ते सु. 79 कोटी, तर दुसऱ्यानुसार सु. 98 कोटी वर्षांपूर्वीचे ठरते. पुढील रूपांतरणात झिरकॉन या खनिजातील शिसे निसटून वय प्रत्यक्षाहून कमी भरू शकते हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात खडकांच्या वयावरून सरोवराचे वय काढता येत नाही. येथे पूर्वी उघडा उपसागर होता, हे सर्वमान्य आहे. तो केव्हा बंदिस्त झाला यावर मतभेद आहेत. काहींनी ही घटना प्लाइस्टोसीन कालखंडापर्यंत (सु. 11,700 वर्षांपूर्वी संपलेल्या हिमयुगांच्या काळापर्यंत) मागे नेली आहे. तथापि समुद्रपातळी आजच्या जवळपास आल्यावर, बहुधा गेल्या सहा-सात हजार वर्षांत, वाळूचा दांडा वाढत गेला असावा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा वाळू ईशान्येकडे ढकलतात. त्यामुळे सरोवराचे समुद्राकडील मुखही त्याच दिशेला सरकते आणि गाळाने अरुंद होते. सरोवराच्या उत्तर टोकाला महानदीच्या दया व भार्गवी या शाखा गाळ आणून टाकतात.

मुख लांबले की भरतीचे पाणी आत पोचत नाही, खारेपणा उतरतो आणि गोड्या पाण्यातील वनस्पती माजतात. 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेले हे सरोवर 1993 मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँट्रो नोंदवहीत गेले ते यामुळेच. सप्टेंबर 2000 मध्ये सिपाकुडाजवळ दांडा कापून नवे मुख काढल्यावर समुद्राकडील वाट सु. 18 किमी.ने कमी झाली, मासळी वाढली आणि 2002 मध्ये नोंदवहीतून नाव वगळले गेले. वाळूची वाटचाल थांबलेली नसल्याने हा उपाय कायमचा मानता येत नाही.

खारेपणा उत्तरेकडे सर्वांत कमी, तर समुद्राला जोडणाऱ्या वाहिनीत सर्वांत जास्त असतो. बोई, जिताडा, कोळंबी व खेकडे यांची ये-जा या वाहिनीतूनच होते. सातपाड्याजवळ इरावती डॉल्फिन दिसतात. पावसाळ्यात बुडणाऱ्या नलबन बेटाच्या चिखलात हिवाळ्यात तलवार बदके, चक्रवाक व रोहित (फ्लेमिंगो) चरतात. बारकुडा बेटावरील बिनपायांच्या सापसुरळीचे (बार्कुडिया इन्सुलॅरिस) वर्णन प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांनी 1917 मध्ये केले. ती मातीत पुरून राहते. तिच्या बार्कुडिया प्रजातीतील दुसरी जाती विशाखापट्टण परिसरात आढळते.