शिन फेन: निवडणूक लढवणं वेगळं, सभागृहात बसणं वेगळं

उत्तर आयर्लंडच्या पश्चिमेला फर्मॅना आणि साऊथ टायरोन नावाचा मतदारसंघ आहे. २०१० साली तिथून शिन फेन या, आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्ता नको म्हणणाऱ्या, राष्ट्रवादी पक्षाच्या मिशेल गिल्डरन्यू ब्रिटिश संसदेवर निवडून आल्या, अवघ्या ४ मतांनी. फेरमोजणी झाली, हरलेला उमेदवार कोर्टात गेला, तरी निकाल कायम राहिला. आणि पुढची पाच वर्षं गिल्डरन्यू संसदेत एकदाही आपल्या जागेवर बसल्या नाहीत. बसणार नाही, हे मतदारांना आधीपासून माहीत होतं.

शिन फेनबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं: या पक्षाने बंदूक सोडली आणि निवडणुकीचा मार्ग धरला. ते खोटं नाही, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. निवडणूक लढवणं ही एक गोष्ट, निवडून आल्यावर सभागृहात जाऊन बसणं ही दुसरी. या पक्षात मोठी भांडणं झाली ती बहुतेक वेळा दुसरीवरून.

आपल्याला बहिष्कार ठाऊक आहे. १९२० साली काँग्रेसने कौन्सिलांच्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला, म्हणजे उमेदवारच उभे केले नाहीत. आयरिश तऱ्हा निराळी. १९०५ साली शिन फेनची कल्पना मांडणाऱ्या आर्थर ग्रिफिथसमोर हंगेरीचं उदाहरण होतं. तिथल्या प्रतिनिधींनी व्हिएन्नाच्या शाही संसदेत बसायला नकार देऊन स्वतःची संसद पदरात पाडून घेतली होती. तेव्हा निवडणूक लढवायची, जिंकायची आणि लंडनला जायचंच नाही. लोकांचा कौल आपल्या बाजूने आहे हे जगाला दिसतं आणि परक्या संसदेला मान्यताही मिळत नाही.

डिसेंबर १९१८ मध्ये आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा पक्षाने जिंकल्या. २१ जानेवारी १९१९ ला निवडून आलेले लोक डब्लिनच्या मॅन्शन हाऊसमध्ये जमले आणि त्यांनी स्वतःची संसद भरवली, तीच ‘डॉल’. हजेरी घेतली गेली. एकेक नाव पुकारलं जाई आणि कितीतरी नावांपुढे आयरिश भाषेत उत्तर येई: ‘परक्यांच्या कैदेत’. हजर होते जेमतेम २७ जण. सभागृहात न बसण्यामागे केवढा अभिमान होता, हे त्या हजेरीतून कळतं.

पुढे आयर्लंडची फाळणी झाली, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला आणि शिन फेनच्या लेखी लंडन, बेलफास्ट आणि डब्लिन ही तिन्ही सभागृहं बेकायदा ठरली. डब्लिनच्या डॉलमध्ये जायचं की नाही, या प्रश्नावर १९२६ साली पक्षाचे नेते डी व्हॅलेरा बाहेर पडले आणि नवा पक्ष काढून पुढे देशाचे पंतप्रधान झाले. १९७० साली पक्ष पुन्हा फुटला, तेव्हाही ठिणगी याच प्रश्नाची होती. त्या फुटीतून ‘प्रोव्हिजनल’ शिन फेन निघाली, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेला उघड पाठिंबा देणारी. आजचा पक्ष तो हाच.

आता पुन्हा फर्मॅनाकडे. सत्तरच्या दशकात तिथले खासदार होते फ्रँक मॅग्वायर. ते शिन फेनचे नव्हते, अपक्ष राष्ट्रवादी होते. मार्च १९७९ मध्ये ब्रिटनचं कॅलहान सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडलं, त्या रात्री मॅग्वायर लंडनला आले ते जातीने हजर राहून तटस्थ राहायला. संसदेत येऊन मत न देणं आणि संसदेतच न येणं, हाही फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मॅग्वायर वारले आणि ९ एप्रिल १९८१ च्या पोटनिवडणुकीत तुरुंगात उपोषणाला बसलेले आयआरएचे कैदी बॉबी सँड्स ३०,४९२ मतं घेऊन निवडून आले. ५ मे रोजी, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी, त्यांचा मृत्यू झाला. लोक मतं देतात, हे शिन फेनला इथे नव्याने उमगलं. त्याच ऑक्टोबरमध्ये पक्षाचे नेते डॅनी मॉरिसन यांनी पक्षाच्या अधिवेशनात विचारलं की, एका हातात मतपत्रिका आणि दुसऱ्या हातात आर्मलाइट रायफल घेऊन सत्ता मिळवली, तर कुणाची हरकत आहे का? म्हणजे निवडणुका जोमाने लढवायला सुरुवात झाली तेव्हा बंदूक हातातच होती.

दुसरी गोष्ट, सभागृहात बसण्याची, घडली २ नोव्हेंबर १९८६ ला, त्याच मॅन्शन हाऊसमध्ये. डॉलमध्ये बसायचं, असा ठराव ४२९ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर झाला. पक्षाचे माजी अध्यक्ष रुअरी ओ ब्रादी आपल्या माणसांसह सभागृहातून उठून गेले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. १९१९ चा वारसा विकला जातोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पण खुर्ची स्वीकारली म्हणून बंदूक गेली असंही झालं नाही. जेमतेम वर्षभराने, ८ नोव्हेंबर १९८७ ला, फर्मॅनामधल्याच एनिस्किलन गावात युद्धस्मारकापाशी श्रद्धांजलीसाठी जमलेल्या लोकांमध्ये आयआरएचा बॉम्ब फुटला आणि ११ जण गेले. शिन फेनच्या वाटचालीचं कौतुक करताना मी दर वेळी या गावापाशी अडखळतो. मतपेटीकडे वळलेला पक्ष, हे वर्णन त्या घरांमध्ये तेव्हा कुणाला पटलं असतं?

बंदूक थांबायला आणखी बरीच वर्षं लागली. १९९४ ला शस्त्रसंधी झाली, ती १९९६ मध्ये मोडली, १९९७ मध्ये पुन्हा लागू झाली. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर बेलफास्टच्या विधानसभेत बसायलाही पक्षाने मान्यता दिली. आयआरएने सशस्त्र मोहीम संपल्याचं जाहीर केलं जुलै २००५ मध्ये. २०२४ पासून पक्षाच्या मिशेल ओनील त्याच उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, आहेत.

राहिलं लंडन. तिथे राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि आयर्लंडचे कायदे ब्रिटिश संसदेने करू नयेत हा मूळ आक्षेप अजून उभा आहे. खासदार मतदारसंघातली कामं करतात, पगार घेत नाहीत. याची किंमत मोजावी लागते. १ एप्रिल २०१९ ला ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनने युरोपशी कस्टम्स युनियन (सामायिक सीमाशुल्क व्यवस्था) राखावी, हा ठराव २७३ विरुद्ध २७६ असा फेटाळला गेला. ठराव बंधनकारक नव्हता, पण आयर्लंडच्या सरहद्दीसाठी तो मोलाचा होता आणि शिन फेनचे ७ खासदार त्या वेळी होते. पक्षावर चौफेर टीका झाली, माझ्या मते बरीचशी रास्त. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फर्मॅना आणि साऊथ टायरोनने पुन्हा गिल्डरन्यूंनाच निवडून दिलं, ५७ मतांनी.