विकास आराखडा आणि प्रादेशिक योजनेवर हरकत-सूचना कशी नोंदवावी : कोल्हापूर परिसरातील नागरिकांसाठी

हद्दवाढ, पूररेषा आणि रस्त्यांची रुंदी हे कोल्हापुरात चौकाचौकांत रंगणारे विषय आहेत. मात्र कोणत्या जमिनीवरून रस्ता जाणार, कोणता भाग रहिवासी होणार आणि कोठे बागेसाठी जागा राखीव ठेवून आरक्षण पडणार हे ज्या आराखड्यात ठरते, त्याच्या फाईलमध्ये मुदतीत दिलेली लेखी हरकत किंवा सूचनाच पोहोचते. तिची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. हे मतदान नव्हे, आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाचीच असते. त्यामुळे एकाच मजकुराचे शेकडो छापील अर्ज देण्यापेक्षा गट नंबरासह नेमका मुद्दा मांडणारा एक अर्ज अधिक उपयोगी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्या जागेला कोणता आराखडा लागू आहे, हे आधी पाहावे. महापालिका हद्दीत विकास योजना (म्हणजेच विकास आराखडा) लागू असते आणि तिचे काम महापालिकेकडे असते. प्रादेशिक योजना ही त्याहून मोठ्या प्रदेशाची असते. शहराभोवतीच्या करवीर व हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. उचगाव किंवा पाचगाव येथील रहिवाशाने महापालिकेच्या दारात अर्ज देऊन उपयोग नाही. कोणत्या अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा हे प्रसिद्ध झालेल्या नोटिशीत लिहिलेले असते आणि तोच पत्ता ग्राह्य धरावा.

पात्रता आणि मुदत

हरकत घेण्यासाठी जमिनीचा मालक असण्याची किंवा मतदार यादीत नाव असण्याची अट नाही. कायदा "कोणतीही व्यक्ती" असे म्हणतो, म्हणून भाडेकरू, शेजारी, गृहनिर्माण संस्था, तालीम मंडळ किंवा व्यापारी संघटना यांनाही अर्ज देता येतो. संस्थेच्या वतीने अर्ज देताना ठरावाची प्रत जोडावी. सामाईक मालकी असल्यास सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्यात किंवा एकाला अधिकारपत्र द्यावे.

प्रारूप (म्हणजे कच्च्या) विकास योजनेसाठी कलम २६ नुसार ३० दिवसांची मुदत असते, तर प्रादेशिक योजनेच्या प्रारूपासाठी ती किमान चार महिन्यांची असते. नोटीस शासन राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. दिवस तेथून मोजायचे असतात. नकाशा आपल्या नजरेस कधी पडला याला महत्त्व नाही. मुदतीच्या काळात प्रारूप नकाशे पाहणीसाठी खुले ठेवणे आणि त्यांचे प्रमाणित उतारे वाजवी किमतीत उपलब्ध करून देणे हे योजना तयार करणाऱ्या संस्थेचे, म्हणजे नियोजन प्राधिकरणाचे, कर्तव्य आहे. आपल्या जागेपुरता नकाशाचा उतारा, म्हणजे भाग नकाशा, विकत घेण्यात कसूर करू नये, कारण भिंतीवर टांगलेल्या मोठ्या नकाशावरून आपला गट ओळखण्यात हमखास गफलत होते.

अर्ज आणि कागदपत्रे

नोटिशीसोबत नमुना दिलेला असेल तर तोच वापरावा, अन्यथा साध्या कागदावरील अर्ज द्यावा. त्यात नाव, पूर्ण पत्ता, गावाचे किंवा पेठेचे नाव, गट नंबर अथवा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्यातील आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, आक्षेपाचे कारण आणि शेवटी आपल्याला नेमका कोणता बदल हवा आहे, हे स्पष्ट लिहावे. हा शेवटचा मुद्दाच बहुतेक अर्जांत राहून जातो. "आरक्षण रद्द करावे" एवढेच लिहिण्याऐवजी ते लगतच्या कोणत्या शासकीय जागेवर हलवता येईल हे दाखवल्यास सुनावणी घेणाऱ्या समितीला विचार करण्यासारखे काही मिळते.

सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, उपलब्ध असल्यास मोजणी नकाशा, भाग नकाशावर रंगाने दाखवलेली आपली जागा, ओळखपत्राची प्रत आणि बांधकाम असल्यास परवानगीची प्रत जोडावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. पुराचा मुद्दा असल्यास फोटो आणि पंचनाम्याची प्रत यांबरोबर जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषेच्या संदर्भात आपली जागा कोठे येते हे नमूद करावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी आपल्या दारापर्यंत आले होते का, हे तारखेसह लिहिलेले असेल तर ते नुसत्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरते.

अर्ज दोन प्रतींत आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिला की नाही यावर नंतर वाद घालता येत नाही. विकास योजनेच्या बाबतीत कलम २८ नुसार स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. ज्यांनी मुदतीत अर्ज दिला, त्यांनाच म्हणणे मांडण्याची संधी मिळण्याचा हक्क आहे. सुनावणीचा वेळ थोडा असतो, म्हणून मूळ कागद आणि नकाशा हाताशी ठेवून मुद्दा दोन-तीन वाक्यांत सांगावा.

ग्रामसभा : येथे मात्र मतदार यादी लागते

गावातील गटारे, शाळाखोल्या, पाणीयोजना यांचा ग्रामपंचायत विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो आणि तेथे गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यांनाच सदस्य म्हणून भाग घेता येतो. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. शहरातून उपनगरी गावात राहायला गेलेल्यांची नावे बहुधा जुन्या पेठेच्या यादीतच राहतात. त्यांनी मतदार नोंदणीचा नमुना ८ भरून स्थलांतराची नोंद करावी. प्रथमच नोंदणी करणाऱ्यांसाठी नमुना ६ आहे.

सुनावणीनंतर

समितीच्या अहवालात आपल्या अर्जावर काय शिफारस झाली, हे माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून मागता येते. शासनाने मंजुरी देताना आराखड्यात सारभूत (म्हणजे मोठ्या) स्वरूपाचे बदल सुचवले, तर कलम ३१ नुसार त्या बदलांपुरत्या नव्याने हरकती मागवल्या जातात. पहिल्या फेरीत आपल्या जागेवर काहीच नव्हते म्हणून निश्चिंत राहिलेल्यांनी ही दुसरी नोटीस वाचणे विशेष आवश्यक आहे, कारण नवे आरक्षण याच टप्प्यावर पडू शकते.