विमानात स्पेशल जेवण विसरलं, म्हणजे तिकिटाचे पैसे परत?

फिरत असलेला दावा असा: आधी नोंदवलेलं खास जेवण विमानात मिळालं नाही, तर तिकिटाचे सगळे पैसे परत द्यावेच लागतात, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे.

असा नियम नाही. गैरसमजाचं मूळ बहुधा युरोपातल्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमात असावं. त्यात २५० ते ६०० युरो भरपाई खरोखरच आहे, पण ती उड्डाण रद्द झालं, फार उशीर झाला किंवा प्रवाशाला विमानात घेतलंच नाही तर. त्यात जेवणाचा उल्लेख येतो तो विमानतळावर ताटकळणाऱ्यांची सोय म्हणून. वाचताना दोन्हींची सरमिसळ होणं साहजिक आहे.

मग हाती काय उरतं? जेवणाचे वेगळे पैसे भरले असतील तर तेवढी रक्कम हक्कानं मागा. पैसे भरलेली सेवा मिळालीच नाही, इतका साधा मुद्दा आहे. जेवण तिकिटातच धरलेलं असेल तर खास जेवणाची मागणी बहुतेक वेळा फक्त 'विनंती' मानली जाते. कंपनीच्या प्रवासाच्या अटींत 'हमी नाही' असं वाक्य शोधा, बहुधा सापडेल (कंटाळवाणं वाचन, पण उत्तर तिथेच असतं). बुकिंगमध्ये जेवणापुढे 'विनंती केली' आहे की 'निश्चित', हेही पाहा. 'निश्चित' असेल तर तक्रारीला वजन येतं. तरीही सहसा मिळतं ते व्हाउचर किंवा माइल्स (विमान कंपनीचे बक्षीस-गुण), तेही सद्भावना म्हणून.

अॅलर्जी किंवा मधुमेह असेल तर मात्र भरपाईच्या भरवशावर राहू नका. चालेल असं खाणं सोबत ठेवा.