कंट्रोल रूमचा पीसी बदलताय? जुना अजून फॉरमॅट करू नका

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून आम्हा वॉकी-टॉकी यंत्रणा बसवणाऱ्यांना एकाच धाटणीचे फोन येतात. "नवीन पीसी घेतला, सॉफ्टवेअर टाकलं, कन्सोल उघडतोय, पण पीटीटी लागत नाही." कन्सोल म्हणजे पीसीवरून वॉकी-टॉकीवर बोलण्याचे सॉफ्टवेअर, आणि पीटीटी म्हणजे बोलण्यासाठी दाबायचे बटण. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, जुना पीसी कुठे आहे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: "तो फॉरमॅट करून अकाउंट्सला दिला."

इथेच दिवस वाया जातात. कन्सोलचे लायसन्स एक तर डोंगलमध्ये, म्हणजे पीसीला लावायच्या छोट्या किल्लीत असते, नाही तर त्या पीसीच्या हार्डवेअरला बांधलेले असते. दुसऱ्या प्रकारात ते आधी जुन्या पीसीवरून सोडवून घ्यावे लागते. फॉरमॅट मारल्यावर सोडवायला काही उरतच नाही. मग कंपनीकडे बिलासकट अर्ज करायचा आणि वाट बघायची. डोंगलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर विंडोज ११ वर तो बसणार नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते.

आता पीटीटी. जुन्या कन्सोलमध्ये बेस सेटचे, म्हणजे कंट्रोल रूममधल्या मुख्य वायरलेस सेटचे, पीटीटी दाबण्याचे काम पीसीमागच्या नऊ पिनांच्या पोर्टची सातवी पिन करते. नव्या पीसीला बहुधा हा पोर्टच नसतो, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लागतो. स्वस्त कन्व्हर्टरची गंमत अशी की वायर एका यूएसबीतून काढून शेजारच्या यूएसबीत लावली तरी विंडोजने त्या पोर्टला दिलेला नंबर कॉम ३ चा कॉम ७ होतो. सॉफ्टवेअर मात्र ३ लाच हाका मारत बसते. काही जुन्या चिपच्या कन्व्हर्टरना तर विंडोज ११ चा ड्रायव्हर सरळ सांगतो की ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला विचारा.

एका साखर कारखान्यात ऐन गळितात नवा पीसी रात्री अपडेट होऊन आपोआप रीस्टार्ट झाला. चालू होताना कन्व्हर्टरने पीटीटीची पिन उचलली ती खाली सोडलीच नाही. ठरावीक वेळानंतर पीटीटी आपोआप तोडणारा बेस सेटचा टाइम-आउट टायमर कोणीतरी बंद करून ठेवलेला. चॅनेल अडकला, ऊस यार्ड आणि वजनकाटा मोबाईलवर आले. आम्ही फोनवरच सांगितले, "मागची नऊ पिनांची वायर उपसा." उपसली, चॅनेल मोकळा झाला. पण परत जायला जुना पीसी नव्हता. त्यावर टॅली चालू होते! पुढचे तीन दिवस ऑपरेटर बेस सेटच्या माइकवरच बोलत होता.

म्हणून विनंती एवढीच: नवा पीसी निदान आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना जसाच्या तसा शेजारी ठेवा. डिजिटल सेट असतील तर त्यांचे नवे फर्मवेअरही (सेटच्या आतले सॉफ्टवेअर) याच सुमारास चढवू नका. काही सेटमध्ये ते परत खाली आणता येत नाही आणि कन्सोलची जुनी आवृत्ती त्या सेटशी बोलेलच असे नाही.

"पाच मिनिटांचं काम, व्हिजिटचे पैसे कसले?" असे आम्हाला ऐकवले जाते. सॉफ्टवेअर टाकायला फार वेळ लागत नाही, हे खरेच. अर्धा दिवस जातो तो आवाजाची पातळी जुळवण्यात. पीसीतून सेटला जाणारा आवाज जास्त झाला तर फाटतो, कमी झाला तर बॉयलरजवळच्या माणसाला ऐकू येत नाही. आमचा मुलगा हातात वॉकी घेऊन आवारभर फिरतो तो यासाठी.

आमचा कन्व्हर्टर ऑनलाइनपेक्षा महाग आहे, हेही खरे. पण त्याच्या चिपला स्वतःचा सिरीयल नंबर असतो, त्यामुळे कुठल्याही यूएसबीत लावला तरी कॉम नंबर बदलत नाही. वार्षिक देखभाल करार असलेल्यांच्या डिस्कची पूर्ण प्रत आणि कॉम नंबर, आवाजाच्या पातळ्या, टायमर यांची नोंद आमच्याकडे असते. पीसी जळाला तर तिथूनच सुरुवात करता येते.

करार नसला तरी नवा पीसी घेण्याआधी त्याचा मॉडेल नंबर आणि जुन्या पीसीच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. चालेल की नाही, एवढे सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.