स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासातील मेंदू-प्रतिमांकन

जिवंत माणसाच्या मेंदूची रचना, रक्तपुरवठा, साखरेचा वापर आणि त्यात साचलेली प्रथिने कवटी न उघडता पाहण्याच्या तंत्रांना मेंदू-प्रतिमांकन म्हणतात. वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजेच डिमेन्शियाच्या, निदानात व संशोधनात सीटी (क्ष-किरणांनी काढलेले छेद), एमआरआय (चुंबकाच्या साहाय्याने काढलेली चित्रे) आणि पेट (किरणोत्सर्गी खूण टोचून काढलेली चित्रे) ही तीन तंत्रे मुख्यतः वापरली जातात. मात्र स्मृतिभ्रंश आहे की नाही हे चित्रावरून ठरत नाही. स्मरण, भाषा, निर्णयशक्ती इतकी ढासळली की पैशांचा हिशेब, औषधांच्या वेळा, स्वयंपाक, एकट्याने प्रवास ही रोजची कामे जमेनाशी झाली, तर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून व चाचण्या घेऊनच कळते. ही अवस्था कशामुळे आली, हा पुढचा प्रश्न. प्रतिमांचे काम तिथे सुरू होते.

भारतात ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला येते ती सीटी किंवा साधी एमआरआय. पेट अजूनही मोठ्या शहरांपुरती आहे.

बरे होऊ शकणाऱ्या कारणांचा शोध

सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात तपासला गेला. आजही विसराळूपणाच्या तक्रारीत सीटीचे मुख्य काम शस्त्रक्रियेने सुधारणारे काही सुटते आहे का, हे पाहण्याचे आहे. गाठ असल्यास ती दिसते. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू साचलेले रक्त, म्हणजे क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, वृद्धांमध्ये विशेष आढळते. वयानुसार मेंदू आकसतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या शिरा ताणल्या जातात आणि न्हाणीघरात पाय घसरण्यासारख्या किरकोळ पडण्यानेही त्या फाटतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. लक्षणे काही आठवड्यांनी उमटतात; तोपर्यंत पडल्याचे घरच्यांच्या लक्षातही राहिलेले नसते.

नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत द्रव साचून त्या फुगणे, हे दुसरे कारण. चाल अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे आणि विचार मंदावणे ही त्याची लक्षणे. प्रतिमेत मेंदूच्या पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची कमाल रुंदी मोजून तिला कवटीच्या आतल्या कमाल रुंदीने भागतात. हा ‘इव्हान्स निर्देशांक’ ०.३ च्या वर गेला की पोकळ्या रुंदावल्या असे धरतात. पण नुसत्या झिजेनेही तो ०.३ ओलांडतो, आणि केवळ या आकड्यावर विसंबणाऱ्यांची फसगत होते. म्हणून माथ्याकडच्या घड्या दाटून आल्या आहेत का आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचा कोन ९० अंशांपेक्षा कमी आहे का, हेही पाहावे लागते. झिजेत घड्या मोकळ्या पडतात, या आजारात माथ्याजवळ त्या मिटलेल्या दिसतात.

स्कॅन चांगला आला म्हणून रक्ततपासणी टाळू नये. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइडचा दोष यांमुळे येणारा विसराळूपणा मेंदूच्या चित्रात बहुधा दिसत नाही.

एमआरआय कशी काढतात

यंत्राचे चुंबक १.५ किंवा ३ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) क्षमतेचे असते. स्मृतिभ्रंशासाठी काढलेल्या एमआरआयत पुढील क्रम, म्हणजे एकामागून एक काढायचे चित्रांचे प्रकार, असायला हवेत: रचना दाखवणारी सुमारे १ मिलिमीटर जाडीची त्रिमितीय टी-१ प्रतिमा, टी-२, डाग उठून दाखवणारी फ्लेअर, पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी डिफ्यूजन आणि सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी एसडब्ल्यूआय. सगळे मिळून २० ते ३० मिनिटे लागतात. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन सहसा लागत नाही. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ लिहिले तर काही केंद्रे जाड छेदांची नेहमीची तपासणी करून मोकळी होतात आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाची झीज मोजता येईल असा छेदच हाती येत नाही. ‘डिमेन्शिया प्रोटोकॉल’ असे स्पष्ट लिहिणे हा यावरचा सोपा उपाय.

कवळी, श्रवणयंत्र, केसातल्या पिना, मंगळसूत्र, जोडवी हे सारे आधी उतरवतात. त्वचेवर चिकटवायच्या काही औषधी पट्ट्यांच्या मागे धातूचा पातळ थर असतो, त्याने भाजू शकते. त्या राहून जातात, कारण कपड्यांखाली त्या कुणी पाहत नाही. पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड तपासल्याशिवाय आत नेत नाहीत. रुग्णाला सूचना लक्षात राहत नाहीत आणि यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालून, डोक्याभोवती फोमच्या उश्या ठेवून प्रत्येक क्रमाआधी ‘आता पाच मिनिटे हलायचे नाही’ असे माइकवरून पुन्हा सांगावे लागते. टी-१ आणि फ्लेअर आधी उरकावे. रुग्णाची चलबिचल सुरू होते ती शेवटी शेवटी.

प्रतिमांचे वाचन

अल्झायमरमध्ये झीज लवकर दिसते ती टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानांजवळच्या भागाच्या, आतल्या बाजूस, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागात. फिलिप शेल्टन्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली एमटीए (टेम्पोरल लोबच्या आतल्या भागाच्या झिजेची) मोजपट्टी त्यासाठी जगभर वापरतात. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा उभा छेद घ्यायचा आणि डावी-उजवी बाजू स्वतंत्रपणे पाहायची. काहीच बदल नसेल तर ०. फक्त हिप्पोकॅम्पसलगतची कोरॉइड फट रुंदावली असेल तर १. तिच्याबरोबर टेम्पोरल हॉर्न ही शेजारची पोकळीही फुगली असेल तर २. हिप्पोकॅम्पसची उंची स्पष्ट उतरली तर ३, आणि तो चपटा पट्टा होऊन राहिला तर ४. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा अधिक गुण असामान्य मानतात. त्यानंतर मात्र २ पर्यंत वयोमानाला धरून आणि ३ पासून पुढे असामान्य, असा प्रघात आहे. छेद तिरका गेला तर निरोगी हिप्पोकॅम्पसही बुटका दिसतो, त्यामुळे गुण देण्याआधी छेदाची दिशा तपासणे भाग आहे.

ही झीज अल्झायमरचीच असते असेही नाही. ऐंशीच्या पुढे टीडीपी-४३ या प्रथिनामुळे होणारा, २०१९ पासून ‘लेट’ या नावाने ओळखला जाणारा आजारही हिप्पोकॅम्पस खातो आणि त्याची लक्षणे अल्झायमरसारखीच असतात. उलट, तुलनेने तरुण वयात सुरू झालेल्या अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस बरा आणि माथ्याकडचा मागचा, म्हणजे पॅरायटल, भाग झिजलेला, असेही आढळते. कपाळामागचा आणि टेम्पोरल लोबचा पुढचा भाग एका बाजूने जास्त झिजला असेल तर फ्रंटोटेम्पोरल प्रकाराचा संशय घेतात. झपाट्याने, काही आठवड्यांत बिघडलेल्या रुग्णाच्या डिफ्यूजन प्रतिमेत मेंदूच्या सालीवर (बाहेरच्या थरावर) चकाकती किनार दिसली तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब या दुर्मीळ, जीवघेण्या आजाराचा विचार करावाच लागतो.

फ्लेअरवर पांढरे डाग दिसतात ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराचे. ते मोजण्याच्या फाझेकास श्रेणीत तुरळक ठिपक्यांना १, एकमेकांत मिसळू लागलेल्यांना २ आणि मोठ्या सलग पट्ट्यांना ३. पहिली श्रेणी वृद्धांत सर्रास असते. अहवालात ‘वयोमानानुसार झीज व सूक्ष्म इस्केमिक (रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेले) बदल’ हे वाक्य वाचून घरचे धास्तावतात, पण त्या वाक्याला श्रेणीच्या आकड्याशिवाय फारसा अर्थ नाही. एसडब्ल्यूआयवरचे सूक्ष्म रक्तस्राव मेंदूच्या सालीलगत असतील तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूतही साचणारे प्रथिन) साचल्याची शंका येते. खोल भागात असतील तर कारण बहुधा उच्च रक्तदाब असते.

पेट: साखर आणि प्रथिने

एफडीजी-पेटमध्ये किरणोत्सर्गी फ्लोरीन-१८ची खूण जोडलेली साखर शिरेतून देतात. या खुणेचे अर्धायुष्य, म्हणजे तिची किरणक्षमता निम्मी होण्याचा वेळ, ११० मिनिटे असल्याने ती जिथे तयार होते त्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून फार दूर ती साखर पोहोचवता येत नाही. भारतातले पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. तपासणीआधी किमान चार तास उपाशी राहायचे असते. रक्तातली साखर जास्त असेल तर ती टोचलेल्या साखरेशी स्पर्धा करते, मेंदूत खूण कमी शिरते आणि चित्र धूसर येते. मधुमेही रुग्णांच्या तपासण्या अनेकदा यामुळेच वाया जातात. इंजेक्शननंतर अर्धा तास तरी रुग्णाने मंद उजेडाच्या शांत खोलीत न बोलता, मोबाइल न पाहता पडून राहायचे, कारण त्या वेळी मेंदूचा जो भाग कामाला लागेल तोच जास्त साखर घेईल. अल्झायमरमध्ये मागचा सिंग्युलेट, प्रिक्युनिअस (हे दोन्ही मेंदूच्या मधल्या रेषेजवळचे मागचे भाग) आणि टेम्पोरो-पॅरायटल भाग थंड पडलेले, म्हणजे साखर कमी घेणारे, दिसतात. लेवी बॉडी या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात सर्वांत मागचा ऑक्सिपिटल भागही मंदावतो आणि मागचा सिंग्युलेट बेटासारखा उजळ राहतो.

अमायलॉइड जिवंत माणसात प्रथम दिसले ते पिट्सबर्ग कंपाउंड बी या खुणेने. २००२ मध्ये स्वीडनच्या उप्साला येथे केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या कार्बन-११चे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटे, त्यामुळे ते प्रयोगशाळांपुरतेच राहिले. फ्लोरीनवर आधारलेल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. याचे वाचन नवख्याला चकवते. या खुणा निरोगी मेंदूच्या श्वेत द्रव्यालाही (सालीखालच्या तंतूंच्या भागालाही) चिकटतात, म्हणून ‘नकारात्मक’ चित्र रिकामे नसते. त्यात श्वेत द्रव्याची फांद्याफांद्यांची आकृती स्पष्ट दिसते. अमायलॉइड असेल तर सालही उजळते आणि फांद्यांची कडा पुसली जाते. साल झिजून पातळ झालेल्या ठिकाणी ही कडा ओळखणे कठीण जाते, म्हणून पेट नेहमी सीटी किंवा एमआरआय शेजारी ठेवून वाचतात.

अमायलॉइड आढळले म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच, असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांत ते सापडले. निरोगी माणसाची केवळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करू नये, या शिफारशीमागे हेच कारण आहे. आजाराच्या टप्प्याशी अधिक जुळते ते अल्झायमरमध्ये साचणारे दुसरे प्रथिन, टाऊ, आणि ते दाखवणाऱ्या फ्लोरटॉसिपिर या खुणेला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतल्या ‘आयडियाज’ पाहणीत अमायलॉइड-पेटनंतर सुमारे ६० टक्के रुग्णांच्या उपचारयोजनेत बदल झाला. म्हणजे योग्य रुग्ण निवडला तर ही महाग तपासणी कामाची ठरते.

संशोधनातील मोजमाप

अनेक वर्षे त्याच माणसांचे स्कॅन काढून बदल मोजणे हा या संशोधनाचा गाभा. २००४ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अ‍ॅडनी’ या अल्झायमर-प्रतिमांकनाच्या प्रकल्पाने एकसमान पद्धती घालून दिल्या आणि आपली माहिती जगभरच्या संशोधकांना खुली केली. निरोगी वृद्धांत हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे १.४ टक्क्यांनी आकसतो, अल्झायमरमध्ये सुमारे ४.७ टक्क्यांनी. फरक इतका लहान असल्याने मोजमापातली किरकोळ चूकही निष्कर्ष बिघडवते. रुग्ण थोडा हलला तरी संगणकाच्या मोजणीत करडे द्रव्य (मेंदूच्या पेशींचा थर) कमी भरते, आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात. झीज नसताना झीज ‘सापडते’ ती अशी. पाणी कमी प्यायल्यानेही मेंदूचे आकारमान किंचित घटते. मध्येच यंत्र किंवा त्याचे सॉफ्टवेअर बदलले तर जुने-नवे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. शिवाय मोठ्या कवटीच्या माणसाचा हिप्पोकॅम्पस मुळातच मोठा असतो, म्हणून कवटीच्या आतल्या आकारमानाशी त्याचे प्रमाण काढावे लागते. आणखी एक अडचण यंत्राबाहेरची: ज्यांची प्रकृती जास्त बिघडते तेच पुढच्या फेरीला येत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांचा आजार आहे त्यापेक्षा सौम्य भासतो.

बहुतेक संदर्भ-आकडे युरोप-अमेरिकेतल्या, बऱ्यापैकी शिकलेल्या लोकांचे आहेत. ते भारतीय वृद्धांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. हैदराबादच्या आयआयआयटीत तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून तयार केलेला मेंदू-नकाशा प्रचलित पाश्चात्त्य नकाशापेक्षा आकाराने लहान निघाला. बंगळूरुच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यातील ‘सॅन्सकॉग’ अभ्यास म्हणूनच मोलाचा आहे. त्यात ४५ वर्षांवरील ग्रामीण लोकांचे रक्त, स्मरणचाचण्या आणि एमआरआय वर्षानुवर्षे नोंदवले जात आहेत.

उपचारांवर देखरेख

लेकॅनेमॅब (अमेरिकेत पूर्ण मान्यता २०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) ही अमायलॉइड काढून टाकणारी औषधे आल्यापासून एमआरआय उपचाराचाच भाग झाली आहे. या औषधांनी काही रुग्णांच्या मेंदूला सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो. या बदलांना ‘एरिया’ म्हणतात. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही, त्यामुळे तो शोधून काढावा लागतो. सुरुवातीला आणि नंतर ठरलेल्या मात्रांआधी एमआरआय काढून फ्लेअरवर सूज आणि एसडब्ल्यूआय किंवा तत्सम क्रमावर रक्तस्राव पाहतात. चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव आधीच असतील तर औषध सहसा सुरूच करत नाहीत. दर वेळी तेच यंत्र व तेच क्रम वापरणे इथे अत्यावश्यक आहे: १.५ टेस्लावर न दिसलेला ठिपका ३ टेस्लावर दिसू शकतो, आणि जुन्या ठिपक्याला नवा समजून औषध थांबवण्याची वेळ येते.